अंगणात लोखंडी शिडाची बोट: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात घरच्या जागेत तीस-बत्तीस फुटी लोखंडी शिडाची बोट बांधायचा विषय काढला आणि इतके मेल आले की सगळे छापायचे तर अख्खा अंक जाईल, म्हणून ज्यांचं उत्तर बाकीच्यांनाही लागेल तेवढेच घेतलेत. नावं घातलेली नाहीत, गाव फक्त ठेवलंय.

प्लॅनमध्ये हलला (बोटीच्या बाहेरच्या कवचाला) 4 मिमी आणि डेकला (वरच्या पृष्ठभागाला) 3 मिमी पत्रा लिहिलाय. आमच्याकडचे वेल्डर आयुष्यभर बार्जवर काम केलेले, ते म्हणतात हा डबा होईल, सरळ 6 मिमी टाका. टाकू का? (गुहागर)

नका टाकू. वेल्डरदादांचं बार्जपुरतं बरोबर आहे, बार्ज मालाने भरून गाळात बसते, तिला जाड पत्रा लागतोच, पण शिडाच्या बोटीत वजन कुठे आहे यावर सगळा खेळ. हिशोब सोपा आहे, 1 मिमी पत्र्याचं वजन चौरस मीटरला 7.85 किलो. म्हणजे 4 च्या जागी 6 टाकला की दर चौरस मीटरला जवळपास 16 किलो वाढले, आणि या साइजच्या हलचं क्षेत्रफळ 40 चौरस मीटरच्या आसपास धरा, म्हणजे सव्वासहाशे किलो नुसत्या पत्र्यात गेले. आता हे सव्वासहाशे किलो कीलमध्ये, म्हणजे तळाच्या जड कण्यात, खाली नाहीयेत, बाजूंना वरपर्यंत पसरलेत. बोट पाण्यात जास्त बुडणार, वाऱ्यात जास्त कलणार, आणि ते सावरायला तुम्ही कीलमध्ये अजून शिसं ओतणार, म्हणजे अजून बुडणार. जाड पत्रा हवाच असेल तर कील आणि कीलच्या लगतचा तळ, जिथे बोट टेकते, तिथे डिझायनरने आधीच दिलेला असतो, बघा प्लॅनमध्ये.

याच प्रश्नाचा भाऊ म्हणजे "प्लॅन 30 फुटाचा आहे, 33 चा केला तर चालेल का". सगळी मापं दहा टक्के वाढवलीत की बोट पाण्याला जेवढं बाजूला सारते ते 33 टक्के वाढतं, शिडं डोलकाठी इंजिन सगळ्यांचं गणित बदलतं. मोठी पाहिजे तर मोठीचा प्लॅन विकत घ्या, सगळ्या खर्चात प्लॅनचा खर्च काहीच नसतो.

सांगाडा उभा करून एका बाजूचे पत्रे लावले, वेल्डिंग पक्कं केलं, आता उजेडात तिरकं बघितलं की फ्रेम (सांगाड्याची कमान) जिथे जिथे आहे तिथे पत्रा आत ओढलेला दिसतो. काय चुकलं? (श्रीवर्धन)

उपाशी घोड्याच्या बरगड्या दिसतात तसं झालंय ना, हे होतंच, आणि त्याचं कारण बहुतेक तुमच्या वाक्यातच आहे: एक बाजू, आणि पक्कं. वेल्ड गार होताना आकसतो आणि पत्र्याला ओढतो, थांबवता येत नाही, फक्त सगळीकडून सारखं ओढायला लावता येतं. म्हणून आधी दोन्ही बाजूंचे सगळे पत्रे नुसते टॅक करून, म्हणजे छोट्या ठिपक्यांनी तात्पुरते जोडून, घ्यायचे, अख्खी बोट टॅकवर उभी राहिली पाहिजे, मग वेल्डिंगला हात लावायचा, तोही दोन-तीन इंच इकडे, मग पलीकडच्या बाजूला त्याच जागी दोन-तीन इंच, मग पुढे नाळेकडे, मग मागे. कंटाळवाणं काम आहे. रोजंदारीवरचा वेल्डर हे करायला तयार नसतो, त्याला एका जागी बसून रॉड संपवायचे असतात, त्यामुळे हे काम स्वतः शिकून करणारा घरगुती माणूस कधीकधी जास्त चांगलं करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

फ्रेम आणि पत्र्याच्या जोडावर सलग वेल्ड मारू नका, तुकड्यातुकड्याने मारा, प्लॅनमध्ये किती अंतर ते दिलेलं असतं. पत्र्याला पत्रा जोडतो तिथे मात्र सलग, आतून-बाहेरून. 6013 नंबरचे वेल्डिंग रॉड सरावाचे आणि बऱ्याच कामाला पुरतात, 7018 वापरणार असाल तर ते कोरडे पाहिजेत, कोकणात पावसाळ्यात उघड्या पाकिटातला 7018 म्हणजे पैसे पाण्यात, त्याला ओव्हनमध्ये तापवून मगच घ्यायचं. मिगचं (गॅसच्या आवरणात तारेने वेल्ड करणारं) मशीन असेल तर वारा बघा, झुळूक आली की गॅस उडतो आणि वेल्डला भोकं पडतात. तुमचं जे झालंय ते आता फिलर भरून झाकायच्या मागे लागू नका, आत ओढलेल्या फ्रेमचे वेल्ड ग्राइंडरने थोडे थोडे सोडवून बघा, पत्रा बराचसा परत येतो, मग दुसरी बाजू पूर्ण टॅक करा आणि तिथून पुढे चला.

आमचे हे म्हणतात बाहेरून इपॉक्सी मारला की झालं, आतून रेड ऑक्साइडचे दोन हात पुरेत, वरून प्लायवूड बसलं की कोण बघतंय. मला पटत नाही. (रत्नागिरी)

ताई, तुमचं बरोबर आहे आणि हे उत्तर त्यांना वाचून दाखवा. लोखंडी बोट बाहेरून क्वचित मरते, बाहेरचं दिसतं, दरवर्षी बोट वर काढली की घासून रंग मारता येतो. ती मरते आतून, प्लायवूडच्या मागे, जिथे कोण बघतंय.

पाणी येतं कुठून असं विचारतील. गळती नसली तरी येतं. रात्री पत्रा गार पडतो, आत दोन माणसं झोपलेली, सकाळी चहाची वाफ, सगळ्या पत्र्याला घाम फुटतो आणि थेंब खाली उतरायला लागतात. उतरताना आडव्या पट्ट्या लागतात, स्ट्रिंगर, आणि स्ट्रिंगर जिथे फ्रेमला मिळतो त्या कोपऱ्यात पाणी साचतं, खारट, महिनोन्महिने. म्हणून प्रत्येक अशा कोपऱ्यात पाणी खाली जायला भोक पाहिजे, करंगळी सहज जाईल एवढं, आणि त्याच्या कडाही रंगवलेल्या पाहिजेत. अँगल वापरून कामाचं नाही, अँगलची पाळ पन्हळीसारखी पाणी धरते आणि तिच्या खाली ब्रश जात नाही, साधी फ्लॅट पट्टी उभी लावा. मी बोट बघायला गेलो की आधी आरसा आणि टॉर्च घेऊन हेच कोपरे बघतो, जिथे माझा हात जात नाही तिथे तुमचा ब्रशही गेलेला नसणार.

आता रंग. नव्या प्लेटवर निळसर काळी साल असते, मिलमधून आलेली, ती छान घट्ट दिसते म्हणून लोक तिच्यावरच रेड ऑक्साइड मारतात. समुद्राच्या पाण्यात ती साल जिथे तडकते तिथेच गंज खड्डा करून आत शिरतो, शिवाय ती सुटली की वरचा रंगही घेऊन सुटते. तेव्हा आतून-बाहेरून ब्लास्टिंग (जोरात कण मारून पत्रा घासणं), Sa 2.5 पर्यंत, म्हणजे जवळजवळ पांढरा धातू दिसेपर्यंत, आणि त्याच दिवशी प्रायमर, उद्यावर ठेवलंत तर सकाळी अख्खी बोट केशरी. वाळूने ब्लास्टिंग करू देऊ नका, वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो, कॉपर स्लॅग किंवा गार्नेट सांगा. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंशांनी वर पाहिजे, म्हणजे आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे काम विसरा, दिवाळीनंतर काढा. धारदार कडांवर रंग पातळ होतो, त्या आधी ग्राइंडरने गोल करून घ्यायच्या आणि कडांवर, वेल्डवर ब्रशने एक जादा हात द्यायचा, मग इपॉक्सीचे पूर्ण थर.

त्यानंतर फोम. पॉलियुरेथेनचा स्प्रे फोम घामावर चांगला उपाय आहे, पण तो रंगाच्या बदली नाही, रंगाच्या वर, आणि पाणरेषेपर्यंतच, खालचा तळ उघडा ठेवा म्हणजे पुसता येतो. आणि कृपा करून, फोम मारायच्या आधी वेल्डिंगचं प्रत्येक काम संपवा, क्लीट (दोर बांधायचे खुंटे), रेलिंगचे पाय, डोलकाठीच्या दोरांचे डोळे, सोलर पॅनेलचा स्टँड, जे जे आठवेल ते. फोम मारल्यावर बाहेरून एक छोटा टॅक मारला तरी आत फोम पेटतो आणि त्या धुरात सायनाइडचा वायू असतो, बंद केबिनमध्ये माणूस बाहेर येत नाही. प्लायवूडचे पॅनेल शेवटी स्क्रूनेच लावा, खिळे-फेव्हिकॉल नको, पुन्हा काढायचेच आहेत.

कारसारखी बॉडीला निगेटिव्ह जोडली तर वायर निम्मी वाचेल ना? (वास्को)

वायर वाचेल, बोट वाचणार नाही, हलमधून करंट गळला की तो लोखंड खातो. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही वायर प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळ्या न्या, हल कुठल्याच सर्किटमध्ये येऊ देऊ नका. अल्टरनेटर आणि स्टार्टर इंजिनच्या बॉडीतून निगेटिव्ह घेतात का ते विचारून घ्या, घेत असतील तर आयसोलेटेड वाले मागा. अधूनमधून मल्टिमीटरने बॅटरीच्या दोन्ही टोकांपासून हलपर्यंत व्होल्टेज बघत जा, स्थिर आकडा दाखवला तर कुठेतरी गळतंय. जेट्टीवरची लाइट घेणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावा, नाहीतर अर्थच्या वायरमधून तुमचे झिंक (लोखंडाऐवजी स्वतः झिजणारे जस्ताचे ठोकळे) शेजारच्या बोटींना वाचवण्यात संपतील. आणि झिंकवर रंग मारू नका. हसू नका, यार्डातली पोरं बोट रंगवताना झिंक पण रंगवून टाकतात, दिसायला फार नीट दिसतं.

पाणी आत घ्यायचे पितळी व्हॉल्व्ह थेट हलला लावू नका, जाड लोखंडी पाइप हलला वेल्ड करून पाणरेषेच्या वर आणा आणि व्हॉल्व्ह त्याच्या डोक्यावर.

पुण्यात प्लॉट आहे, इथेच बांधून कोकणात नेता येईल का? (वाघोली)

बांधता येईल, नेणं हा वेगळा प्रोजेक्ट समजा. रस्त्यावर 2.6 मीटर रुंदीची मर्यादा आहे, तुमची बोट तीन मीटरच्या वर जाणार, म्हणजे ओडीसी (मापाबाहेरचा माल), परवानगी, लो-बेड ट्रेलर, दोन्हीकडे क्रेन. कीलसकट उंची किती होते ते आधी मोजा, ट्रेलरची उंची त्यात धरा, मग वायरी, पूल आणि घाटातली वळणं बघा. मी तर म्हणेन हल पुण्यात करायचा असेल तर शिसं, इंजिन, डोलकाठी सगळं खाली जाऊन बसवा, नुसता हल आणि डेक तीन टनांच्या आसपास असतो, क्रेन छोटी लागते. आणि प्लॉटच्या गेटची रुंदी आजच मोजा.

एवढं करून लोखंडी बोटीतून कुणी खरंच लांब गेलंय का? आपल्या नौदलाची शिडाची बोट म्हादेई लोखंडी आहे का? (ठाणे)

म्हादेई लोखंडी नाही, नौदलाची दुसरी बोट तारिणीही नाही. म्हादेई गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबरग्लास अशी बांधली, तिच्यातून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आले आणि अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता. लोखंडीचं विचाराल तर फ्रेंच खलाशी मोआतेसिए यांची जोशुआ, 1968 च्या एकट्याने न थांबता जगाला फेरी मारायच्या शर्यतीत होती, शर्यत सोडून ते तसेच पुढे ताहितीला निघून गेले. ती शर्यत जिंकली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, सुहैलीतून, आणि सुहैली आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानाची.

लोखंडी बोटीत होकायंत्र चालतं का? (मालवण)

चालतं, पण खोटं बोलतं, आणि वेगवेगळ्या दिशेला वेगवेगळं. डोलकाठी, इंजिन, सगळं सामान बसल्यावर शांत पाण्यात बोट पूर्ण गोल फिरवून ओळखीच्या खुणांवर फरक लिहून घ्या आणि तो तक्ता होकायंत्राशेजारी चिकटवा. ऑटोपायलटचा सेन्सर हलपासून जमेल तेवढा लांब, बरेच जण डोलकाठीवर उंच लावतात. जीपीएसची अँटेना केबिनच्या बाहेर.