मॅनेजमेंट अकाउंटिंग आणि फायनान्शियल अकाउंटिंग यांत नेमका फरक काय? बी.कॉम.नंतर कोणतं धरावं?

फायनान्शियल बाहेरच्यांसाठी, मॅनेजमेंट आतल्यांसाठी. पहिलं कायद्याने सक्तीचं, दुसरं मर्जीचं. एवढं तुम्हाला पाठ असेलच, परीक्षेत त्याचेच मार्क मिळतात. मला तो फरक रबाळे एमआयडीसीत 12 रुपयांवरून कळला.

प्लास्टिक मोल्डिंगचा कारखाना, मी कॉस्टिंगला. एका नगाचा खर्च 92 रुपये. त्यात प्लास्टिकचा दाणा 48, पीसरेटची मजुरी 9, वीज 5. उरलेले 30 म्हणजे गाळ्याचं भाडं, मशीनचा घसारा, सुपरवायझरचा पगार. एका नव्या गिऱ्हाइकाने 80 च्या भावाने 10,000 नग मागितले. रात्रपाळी तेव्हा बंदच होती. मी म्हटलं, घेऊ या. ऑर्डरमुळे वाढणारे दाणा, मजुरी, विजेचे 62 जाऊन नगामागे 18 सुटतात, म्हणजे 1,80,000 रुपये.

आमच्या सीए साहेबांनी शेठसमोर माझा कागद ओढला, 92 भोवती लाल पेनने गोल केला. ‘‘पदरचे 12 रुपये घालून माल विकायचा? तुमचं कॉस्टिंग म्हणजे अंदाजपंचे.’’ शेठ हसले. ऑर्डर गेली. भाडं मात्र महिन्याच्या पाच तारखेला गेलंच.

गंमत अशी की 92 हा आकडा चुकीचा नव्हता. एएस 2 या अकाउंटिंग स्टँडर्डप्रमाणे साठ्याच्या किमतीत उत्पादनाचा स्थिर खर्च धरावाच लागतो; ताळेबंदात माझे 62 लावले असते तर ऑडिटरने माझाच कान धरला असता. पण 31 मार्चला गोदामातल्या मालाची किंमत किती, हा एक प्रश्न, फायनान्शियलचा. आज रात्री मशीन चालवायचं का, हा दुसरा, मॅनेजमेंटचा. साहेबांनी पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं.

करिअरचं म्हणाल तर मान सीएला जास्त, लग्नाच्या बाजारातही. त्यांचा कायदा 1949 चा, आम्हा कॉस्टवाल्यांचा 1959 चा. दहा वर्षांनी धाकटे, आणि वागवतातही तसंच. तरी कारखान्यात रमत असाल तर सीएमए, म्हणजे आमचा कॉस्टचा कोर्स, करा. आधी जर्नल एंट्री मात्र पक्की हवी, नाहीतर कॉस्ट शीटमधले आकडे आले कुठून हेच सांगता येत नाही.

हां, एक राहिलं. मशीन आधीच भरलेलं असेल किंवा जुन्या गिऱ्हाइकांना 80 चा भाव कळणार असेल, तर साहेबांचं बरोबर. तेव्हा तसं काही नव्हतं. गिऱ्हाईक बाहेरगावचं होतं, आणि रात्री शेडला लागलेलं कुलूप मी स्वतः बघून आलो होतो.