नरिताच्या उतारावर, पाच वाजायच्या आत

प्रश्न : काका, माझी लेक सिएटलला असते. तिच्या बाळंतपणासाठी मी आणि मिस्टर मार्चमध्ये निघालो आहोत. मोपाहून बेंगळुरू, तिथून जपानचं नरिता. सोमवारी सकाळी पोचतो, पुढचं विमान मंगळवारी संध्याकाळी. हॉटेल विमानतळाजवळच आहे, जपानचा व्हिसाही काढून ठेवलाय. लेक म्हणते, बाहेर पडू नका, हॉटेलातच जेवा. मिस्टरांना मासे लागतात. मीही खाते, पण सोमवारी मी शिवराक. आम्हांला भपका नको. तिथली माणसं जेवतात तसं साधं काही कुठे मिळेल?
— एक वाचक भगिनी, म्हार्दोळ

उत्तर : ताई, लेकीचं बाकी सगळं ऐका, एवढं एक ऐकू नका. नरिताचा विमानतळ तोक्योपासून साठ-पासष्ट किलोमीटर दूर. म्हणून लोकांना वाटतं, तिथे शेतं आणि हॉटेलं सोडून काहीच नाही. पण विमानतळाला ज्या गावाचं नाव दिलंय, ते गाव आगगाडीने दहा मिनिटांवर आहे. विमानतळ सुरू झाला १९७८ साली. गावातलं देऊळ ९४० सालचं.

मी एकतीस वर्षं तारवटी, म्हणजे बोटीवरचा खलाशी, होतो, त्यातली शेवटची अठरा चीफ कुक. मुरगावला खनिज भरायचं आणि जपानच्या पोलाद कारखान्याच्या धक्क्यावर उतरवायचं, हा आमचा नेम. नरिताच्याच प्रांतातल्या चिबा बंदरात करार संपला की एजंट आम्हांला विमानतळाजवळच्या हॉटेलात आणून सोडायचा, दुसऱ्या दिवशी विमान. पहिल्या खेपेला मी त्या हॉटेलातच जेवलो. नूडल्सचा थंड गोळा झालेला, माशाचा तुकडा कधीचा गरम करून ठेवलेला, आणि बिल बघून घास घशातच अडकला. सहा-सहा महिने दुसऱ्यांना रांधून वाढल्यावर आपल्यालाही कुणीतरी मन लावून केलेलं एक ताट हवं असतं हो. त्या रात्री मी उपाशीपोटी झोपल्यासारखा झोपलो. पुढच्या खेपेला आमच्या म्हाताऱ्या बोसनने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, हाताला धरून गाडीत बसवलं. तो कुंकळ्ळीचा, जपानला वीसेकदा येऊन गेलेला. तेव्हापासून नरिताला मुक्काम पडला आणि गावात जेवलो नाही, असं सहसा झालं नाही.

कसं जायचं ते सांगतो. विमानतळाच्या पोटातच स्टेशन आहे. तिथून केईसेई आणि जेआर अशा दोन कंपन्यांच्या गाड्या नरिता गावाला जातात. कुठलीही धरा, तिकीट तीनशे येनच्या आसपास. दोघांची स्टेशनं गावात जवळजवळच आहेत. फक्त स्कायलायनर नावाच्या जलद गाडीत चढू नका, ती दुसऱ्या मार्गाने थेट तोक्यो गाठते. तुमच्या हॉटेलची गावात जाणारी बस असेल तर तीही विचारून घ्या. सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवा, मार्चचा वारा बोचतो म्हणून स्वेटर घाला आणि रिकाम्या हातांनी निघा.

स्टेशनाजवळून देवळापर्यंत सुमारे आठशे मीटरची वाट जाते. तिचं नाव ओमोतेसांदो, म्हणजे देवळाकडे जाणारी मुख्य वाट. रस्ता वळत वळत उताराला लागतो. दोन्ही बाजूंना लाकडी दर्शनाची जुनी दुकानं : लोणची, भाजलेले शेंगदाणे, तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, आणि वांबेची, म्हणजे सापासारख्या लांब माशाची, खानावळ पावलोपावली. नरिता वांबेसाठीच नावाजलेलं. तिकडे तिला उनागी म्हणतात.

कावातोयो म्हणून १९१०पासूनची एक खानावळ आहे. तिथे दर्शनी भागातच लांब लाकडी फळ्या टाकून कारागीर बसलेले असतात. जिवंत वांब फळीवर घ्यायची, डोक्यात टोच्या ठोकून तिला खिळवायची, आणि सुरी पाठीतून घालून एका ओढीत शेपटीपर्यंत न्यायची. काटा निघतो, काळीज वेगळ्या भांड्यात जातं, फळीवर पाणी ओतलं की पुढची. मीही जन्मभर मासे कापले, पण पहिल्या दिवशी पाय तिथून निघेनात. तोक्योच्या बाजूला वांब पाठीकडून चिरतात, ओसाकाकडे पोटाकडून. तोक्योकडच्या रीतीत ती आधी निखाऱ्यावर भाजतात, मग वाफवतात, आणि मग सोयाच्या गोडसर रसात बुडवून पुन्हा निखाऱ्यावर धरतात. म्हणून ती इतकी मऊ होते की चॉपस्टिकने नुसतं दाबलं तरी तुटते. लाखेच्या डब्यात गरम भात, त्यावर ही वांब. सोबत तिच्या काळजाचं पातळ सूप आणि लोणचं.

आणि एक बारीकशी डबी येते, तिच्यात हिरवट पूड. तिचं नाव सान्शो. मी झाकण काढून नाकाशी नेली आणि थेट आमच्या घरच्या रांधपात जाऊन उभा राहिलो. आई बांगड्याच्या हुमणात तिरफळं ठेचून टाकायची, तोच वास! हा भास नव्हे. सान्शो आणि आपलं तिरफळ एकाच घराण्यातली झाडं आहेत. जिभेवर तीच झिणझिण, फक्त सान्शोला लिंबाचा वास जरा जास्त. मिस्टरांना सांगा, पूड वांबेवर भुरभुरवायची, सूपात चिमूटभरच.

आता पैशांचं. या डब्याला चार-पाच हजार येन पडतात, आपले अडीच-तीन हजार रुपये धरा. महाग आहे, आणि जपानी माणूसही हे रोज खात नाही. रोजचं जेवण म्हणाल तर ‘तेइशोकु’ : भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं) सूप, लोणचं आणि एक मुख्य पदार्थ असं ताट, साधारण हजार-बाराशे येनमध्ये. मिस्टरांना सोमवारी ‘साबा शिओयाकी’ मागवायला सांगा. साबा म्हणजे बांगड्याचा तिकडचा भाऊ, मीठ लावून भाजलेला, बाजूला किसलेला मुळा. ज्याला बांगडा आवडतो, त्याला हे ताट परकं लागणार नाही. अजी मासा, मिसो, आलं आणि कांद्याची पात एकत्र बारीक कुटलेला ‘नामेरो’ कुठे लिहिलेला दिसला तर तोही घ्या. ते चिबाच्या कोळ्यांचं, होडीवरचं खाणं. कच्चा असतो, तेवढं ध्यानात ठेवा.

वांब तुम्ही दोघांनी मंगळवारी सकाळी खा. अकराच्या सुमारास पोचलात तर गर्दीच्या आधी बसाल. विमान संध्याकाळचं, वेळ भरपूर आहे. मोठ्या खानावळीत आधी बाहेर नंबर घ्यावा लागतो, तेव्हा सरळ आत शिरू नका.

सोमवारच्या तुमच्या शिवराकाची मला खरी काळजी. जपानात भाजी दिसते, पण रसात मासा असतो. सुकवलेल्या माशाचे पातळ कीस आणि समुद्रशेवाळ उकळून जो अर्क काढतात तो ‘दाशी’. तो सूपात पडतो, सोबा नूडल्सच्या रसात पडतो, भाज्या शिजवतानाही पडतो. वाढणारी बाई मनापासून ‘मासा नाही’ म्हणेल, कारण तिच्या लेखी दाशी म्हणजे मासा नव्हेच. लेकीकडून जपानी लिपीत एक चिठ्ठी मागवून मोबाइलवर ठेवा : मांस नको, मासा नको, माशाची दाशीही नको. शेवटचे तीन शब्द विसरू नका.

मग खायचं काय? साधा भात मिळतो, आणि तो आपल्या उकड्यासारखा नसला तरी गोड असतो. गार तोफू मागवा, फक्त वरचा माशाचा कीस नको म्हणा. तांदळाच्या पिठाचे काडीवर भाजलेले दांगो खा. चिबा हा जपानचा शेंगदाण्याचा मुलूख, तेव्हा एक पिशवी पर्समध्ये टाका. आणि योनेया नावाच्या दुकानातलं योकान घ्याच. लाल चवळीसारख्या आझुकी कडधान्याचं वाटण, साखर आणि समुद्रशेवाळातून काढलेलं आगर, एवढंच घालून केलेली ही घट्ट वडी. याच दुकानाने १८९९ साली देवळाच्या शिवराक स्वयंपाकातल्या एका पदार्थावरून चेस्टनट घातलेलं योकान काढलं. सुरीने पातळ काप काढून गरम हिरव्या चहाबरोबर खायचं.

आणि देवळात जा. मुख्य देव फुदो म्योओ, म्हणजे आपला संस्कृतातला अचल. हातात तलवार, मागे ज्वाळा. तिथे दिवसातून अनेकदा अग्निविधी होतो. त्याला ते ‘गोमा’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या ‘होम’वरूनच गेलेला. मोठा ढोल घुमायला लागतो, ज्वाळा वर चढतात, भाविक आपल्या पिशव्या पुढे देतात आणि भटजी त्या अग्नीच्या धगीवर धरून परत करतात. तुम्ही म्हाळसेच्या गावच्या. लेकीसाठी घेतलेलं बाळंतविडं सोबत असेल तर तेही पुढे करा.

घड्याळाकडे लक्ष ठेवा. पाचच्या सुमारास उतारावरची बहुतेक दुकानं फळ्या लावतात. संध्याकाळी आरामात जाऊ म्हणालात तर बंद दारं बघून परत याल. माझं दोनदा तसं झालंय.

प्रश्न : काका, मी पहिल्यांदाच बोटीवर चढतोय. नरिताला रात्री नऊला उतरणार, सकाळी सातला एजंट न्यायला येणार. हातात पैसे बेताचे. काय खाऊ?
— डिचोलीचा एक तरुण वाचक

उत्तर : पुता, त्या वेळी गावच्या उताराकडे जाऊ नकोस. सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट, यांपैकी जे दुकान दिसेल त्यात शीर. तिथलं खाणं ताजं असतं. ओनिगिरी घे, भाताचा त्रिकोणी मुटका, दीडशे-दोनशे येन. ‘साके’ म्हणजे सामन मासा, ‘उमे’ म्हणजे आंबट-खारट लोणच्यातलं फळ. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात, त्याच क्रमाने ओढ. भात आणि शेवाळाचा कागद यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो. नीट ओढलास तर तो निघून येतो आणि कागद कुरकुरीत राहतो. घाई केलीस तर कागद फाटून हातात. दुकानातच गरम करून देतात. तिथेच बसून खाल्लंस तर कर १० टक्के, बाहेर नेलंस तर ८.

रामेन नूडल्सच्या किंवा भाताच्या स्वस्त खानावळीत दाराशी यंत्र असतं. पैसे टाकायचे, चित्राचं बटण दाबायचं, चिठ्ठी आत द्यायची. ‘ग्यू’ म्हणजे गाय-बैल, ‘बुता’ डुक्कर, ‘तोरी’ कोंबडी. जे वर्ज्य असेल ते आधीच बघ. करी-राइस निरागस दिसतो, पण त्यात बहुधा यांतलं काहीतरी असतंच. पाणी फुकट, टीप कुणी घेत नाही.

सकाळसाठी रात्रीच एक ‘आन्पान’ घेऊन ठेव, आत आझुकीचं गोड पुरण असतं. ‘पान’ म्हणजे पाव. १५४३ साली पोर्तुगीज तिथे पोचले, १५४९ साली गोव्याहून फ्रान्सिस झेवियरही गेले. पोर्तुगीज शब्दाचं आपल्या पदेराने पाव केलं, त्यांनी पान. घरची आठवण आली तर दुकानात जाऊन तो शब्द उच्चार, पोरा. समजतो त्यांना.

प्रश्न : तोक्योच्या हानेदा विमानतळावर सात तास आहेत. बाहेर पडण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : भारतीय पासपोर्ट असेल तर आधी व्हिसा हवा, पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना थोड्या दिवसांसाठी तो लागत नाही. बाहेर पडता येत असेल तर केईक्यूच्या गाडीने कामाताला जा, दहाएक मिनिटं लागतात. हा भाग ‘पंखवाल्या’ ग्योझासाठी नावाजलेला. डुकराचं मांस आणि कोबी भरलेल्या करंज्या तव्यावर ओळीने मांडतात, वरून पिठाचं पाणी ओततात. पाणी आटलं की खाली जाळीदार पापडी धरते, आपल्या घावनाच्या कडेसारखी, आणि सगळी ओळ एकसंध उलटून ताटात येते. डुक्कर खात नसाल तर तिथे वेळ घालवू नका. परतीच्या तपासणीसाठी दोन तास राखून ठेवा. ग्योझा तव्यावरून उतरला की लगेच खा. पाच मिनिटांत ती पापडी मऊ पडते.