‘आधी इंजिनिअरिंग कर, मग काय करायचं ते कर’

प्रश्न : मी महसूल खात्यात अव्वल कारकून आहे, राहायला सांगलीत. मुलीला बारावी सायन्सला ८४ टक्के आणि सीईटीत ९१ पर्सेंटाइल आहेत. इंजिनिअरिंगला कुठे ना कुठे नक्की लागेल. पण तिनं बायझंटाइन साम्राज्याची कला आणि शहरं शिकायचं डोक्यात घेतलंय. मी एवढंच म्हणालो, आधी इंजिनिअरिंग कर, मग काय करायचं ते कर. आठ दिवस झाले, माझ्याशी बोलत नाही. नातेवाईक विचारतात, त्यांना काय सांगू? परदेशी पाठवायला ४० लाख लागतील असं एक एजंट म्हणाला, म्हणून मिरजेकडच्या जमिनीचा सातबारा काढून आणलाय. चित्रकलेपायी पोरीचं नुकसान व्हायला नको. तिला चार शब्द समजावून सांगा.

उत्तर : चार शब्द सांगते, पण तुम्हाला. तिनं मला काही विचारलेलं नाही.

मार्कांत मला काही खटकलं नाही. खटकलं ते ‘आधी इंजिनिअरिंग, मग काय ते कर’. दर जूनमध्ये माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून कुणी ना कुणी हे म्हणतंच, आणि म्हणणाऱ्याला वाटतं की आपण केवढी मोकळीक दिली. पण तो ‘मग’ सहसा येत नाही. चार वर्षांत एखाददुसरा विषय राहतो, कॅम्पसमधून मिळेल ती नोकरी धरली जाते, नोकरी लागली की स्थळं सुरू. त्यानंतर मुलगी या विषयाला लागणारी ग्रीक मुळाक्षरं गिरवायला बसेल, असं तुम्हाला तरी वाटतं का? तुम्ही दिलाय तो नकारच, फक्त गोड शब्दांत. द्यायचाच तर सरळ द्या, तिला भांडता तरी येईल. आत्ता ती भांडूही शकत नाही, म्हणून गप्प आहे.

पत्रात नातेवाईक आहेत, एजंट आहे, जमीन आहे. तिला हे कुठून सुचलं याची मात्र एक ओळ नाही. विचारलंत का कधी? तुर्की मालिका बघून आलेलं वेड असेल, किंवा दोन वर्षं चोरून वाचत असेल. दोन्हींना माझं उत्तर वेगळं असेल.

आता ‘चित्रकले’बद्दल, कारण तुमचा सगळा घोळ या शब्दाशी आहे. हे शिकायला हातात ब्रश धरावा लागत नाही. बायझंटाइन म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य. ३३० साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं बॉस्फरस सामुद्रधुनीच्या काठी त्याची नवी राजधानी वसवली, म्हणजे आजचं इस्तंबूल, ती १४५३ मध्ये तुर्कांनी जिंकली. या अकराशे वर्षांतल्या इमारती, भित्तिचित्रं, नाणी, रेशीम, मडकी, गटारं, सगळं या विषयात येतं. इस्तंबूलला येनिकापी भागात मेट्रोसाठी खोदताना जुनं बंदर लागलं आणि त्या गाळातून ३७ जहाजं निघाली. त्यांच्या लाकडाची एकेक फळी मोजून ती कशी बांधली असतील हे ठरवणारी माणसं याच विषयातली. आणि इंजिनिअरिंगचीच हौस असेल तर तिथल्याच आया सोफिया या मूळच्या चर्चचा घुमट बघा. ५३७ मध्ये पुरा झाला, भूकंपाचे तडाखे खाऊन ५५८ मध्ये कोसळला, मग आधीपेक्षा उंच करून पुन्हा बांधला. तो का पडला, यावर आजही गणितं मांडली जातात.

पण तुम्हाला मी घुमट नाही, शिशाचा शिक्का दाखवेन. जुन्या रुपयाएवढी चकती, तिच्या पोटातून आरपार एक बारीक भोक. पत्राची घडी घालून दोरी बांधायची, तिची टोकं त्या भोकातून ओवायची आणि चकती लोखंडी चिमट्यात धरून वरून हातोडी मारायची. भोक बुजतं, दोरी अडकते, दोन्ही बाजूंना ठसा उमटतो. आता दोरी कापल्याशिवाय पत्र उघडत नाही. ठशात पुष्कळदा असतं, ‘देवमाते, तुझ्या सेवकाला साहाय्य कर’, आणि पुढे नाव, हुद्दा, खातं, कधी प्रांतही. पत्रं कुजून गेली, शिसं राहिलं. वॉशिंग्टनच्या डम्बर्टन ओक्स या एकाच संस्थेत असे सुमारे १७,००० शिक्के आहेत. त्यांत जकात-वसुलीच्या अंमलदारांचेही आहेत. सातव्या-आठव्या शतकात कोणत्या प्रांतात कोण वसुली करत होतं, हे इतिहासकार बऱ्याच अंशी त्यांवरून लावतात. म्हणजे तुमच्याच खात्याचं दप्तर, साहेब. ते वाचायला तिला तुमच्याइतका चांगला जोडीदार घरात दुसरा नाही.

नातेवाइकांना सांगायला काही हवंच असेल तर हे सांगा : सहाव्या शतकात, तेव्हा याच साम्राज्यात असलेल्या अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी ‘कल्लिआना’ या बंदराबद्दल लिहून गेलाय, बरेच अभ्यासक ते आपलं कल्याण समजतात. आणि तुमच्यापासून फार लांब नाही अशा हावेरी जिल्ह्यात, अक्की आलूरला, बायझंटाइन सम्राटांची सोन्याची नाणी सापडली आहेत.

पैशाचं. त्या एजंटाला घरात घेऊ नका, त्याची कमाई तुमच्या फीवर आहे. या विषयाला बारावीनंतर लगेच परदेशी जायची गरज नाही. इथं इतिहासात बीए करायचं, पुण्यात असेल तर आणखी बरं. त्या तीन वर्षांत जर्मन आणि जुनी ग्रीक, थोडी लॅटिनही. भाषा नसेल तर पुढे अर्ज करण्यात अर्थ नाही, इथंच बहुतेक मुलं गळतात. पुढे डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वात एमए, नाहीतर शिष्यवृत्ती मिळवून मास्टर्सला व्हिएन्ना, माइन्झ, म्युनिक, बर्मिंगहॅम, ऑक्सफर्ड. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांना शिक्षण शुल्क नाही, पण राहण्याखाण्यासाठी वर्षाला सुमारे १२,००० युरो खात्यात दाखवावे लागतात. ही रक्कम लहान नाही, तरी ४० लाखही नाही. यूपीएससीला इतिहास ऐच्छिक घेता येतो, हे तुम्ही विचारण्याआधीच सांगून टाकते. ते आमिष मात्र तिला दाखवू नका.

नोकरीबद्दल खोटं बोलणार नाही. प्राध्यापकाच्या जागा युरोपातही थोड्या आहेत. पीएचडीपर्यंत आठ-दहा वर्षं जातात. वस्तुसंग्रहालय, जतन-संवर्धन, प्रकाशन, अध्यापन अशी कामं मिळतात, पण सुरुवातीचा पगार आयटीतल्या मैत्रिणीपेक्षा कमी असेल. हे तिला आजच सांगा, पण घाबरवायला म्हणून नको.

आणि ताई, तू हे वाचत असशील तर तुलाही एक काम. डम्बर्टन ओक्सचे शिक्के फोटो आणि वाचनासकट इंटरनेटवर फुकट बघता येतात. ग्रीक मुळाक्षरं चोवीस आहेत. पंधरा दिवसांत ती शिक आणि खालचं उत्तर झाकून दहा शिक्के वाचून बघ. अक्षरं झिजलेली असतील, अर्धी गेलेली असतील, शब्द तोडून लिहिलेले असतील. सहाव्या-सातव्या शिक्क्यालाच कंटाळा आला तर बाबांशी वाद घालण्याआधी स्वतःशी बोल. जेवायची आठवण राहिली नाही, तर त्यातला एखादा शिक्का बाबांना दाखव आणि ‘हा अंमलदार नेमकं काय करत असेल’ असं विचार. त्यांना सांगता येईल.

साहेब, प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतील तर इंजिनिअरिंगचा फॉर्म भरून ठेवायला हरकत नाही. पण फी भरण्याआधी हे पंधरा दिवस जाऊ द्या. आणि तो सातबारा परत कपाटात ठेवा.