स्क्रीन काळी होऊन परत येते? कार्ड बदलायच्या आधी हे बघा

तुम्ही लिहिलंय की नाशिकला सिडकोतल्या घरी असेंबल केलेल्या पीसीत जीटीएक्स १६६० सुपर हे ग्राफिक्स कार्ड आहे, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (तयार चित्र काढायचं जड काम) लावलं की स्क्रीन काळी होते, दोन-तीन सेकंदांनी परत येते आणि डिस्प्ले ड्रायव्हर बंद पडून सावरल्याची नोंद होते. ड्रायव्हर तीनदा टाकून झाला, आता दुकानदार म्हणतो कार्ड गेलं. एवढ्यात पैसे घालवू नका.

कार्डला दिलेलं काम साधारण २ सेकंदांत पुढे सरकलं नाही, तर कार्ड अडकलं असं धरून विंडोज ड्रायव्हर रिसेट करतं. याला टीडीआर म्हणतात. नाव ड्रायव्हरचं येतं, पण कार्ड का अडकलं ते त्यातून कळत नाही. ड्रायव्हर बिघडला, कार्ड तापलं किंवा वीज कमी पडली, तिन्ही वेळा नोंद हीच. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, ही मुदत वाढवायचा सल्ला बरेच जण देतात. जड रेंडरला तो उपयोगी पडतो, पण मूळ कारण सापडायच्या आधी मी त्याला हात लावत नाही.

इव्हेंट व्ह्यूअर हे विंडोजचं नोंदी दाखवणारं साधन उघडून विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम बघा. स्क्रीन गेली त्या मिनिटाला ४१०१ दिसेल, हा ड्रायव्हर सावरल्याच्या नोंदीचा नंबर. पीसी आपोआप रिस्टार्टही होत असेल आणि कर्नल-पॉवर ४१ (पीसी नीट बंद न होता रिस्टार्ट झाल्याची नोंद) दिसत असेल, तर मला आधी एसएमपीएसचा, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा संशय येईल. पहिली ४१०१ विंडोज अपडेटच्या दिवसाची निघाली तर ड्रायव्हरचा. आणि बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवरही रंगीत चौकोन किंवा रेघा येत असतील, तर तिथे विंडोजचा ड्रायव्हर चालूच झालेला नसतो. केबल आणि मॉनिटर बदलूनही त्या राहिल्या तर कार्डच बिघडलंय.

ड्रायव्हर काढायचा तर नीट काढा. एनव्हिडियाच्या साइटवरून ताजा स्टुडिओ ड्रायव्हर आणि तुमच्याकडे बिनतक्रार चाललेला जुना, दोन्ही आधीच उतरवून ठेवा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर रिकव्हरी की वहीत लिहून घ्या. मग नेट तोडा, नाहीतर मधल्या मध्ये विंडोज अपडेट स्वतःचा ड्रायव्हर बसवतं. शिफ्ट दाबून रिस्टार्ट, सेफ मोड, डीडीयू या ड्रायव्हर मुळापासून काढणाऱ्या फुकट प्रोग्रामने सफाई, मग एकच ड्रायव्हर टाकून दोन दिवस वापरा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

आता माझं सांगतो. सातपूरला माझ्याच पीसीत हेच व्हायचं आणि मी महिनाभर दर रविवारी ड्रायव्हर बदलत बसलो. शेवटी कॅबिनेट उघडलं. कार्डला वीज देणाऱ्या ८ पिनच्या जोडणीला असेंबल करणाऱ्याने दोन मोलेक्स (एसएमपीएसचे जुन्या पद्धतीचे चार पिनचे प्लग) जोडणारा कन्व्हर्टर लावला होता. तो ओढला तर निघेना. हलवत हलवत काढला, तेव्हा एका मोलेक्सचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या तारेपाशी तपकिरी झालेलं, आतली पिन सैल आणि करपल्याचा वास. हे कार्ड १२५ वॅट खातं, स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ मिळतात. बाकीचा भार अशा सैल पिनेवर पडला की ती तापते आणि व्होल्टेज पडतं. कार्डसाठी स्वतःची पीसीआय-ई केबल असलेला एसएमपीएस घेतला, कार्ड तेच ठेवलं. त्यानंतर ४१०१ आलेली नाही.

म्हणून पीसी बंद करून, प्लग काढून तुमची ८ पिन कुठून येते ते आधी बघा. तेव्हाच ब्लोअरने धूळ काढा, पण पंखा बोटाने धरून, नाहीतर तो गरगरून बेअरिंग खराब होतं. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले, वर आपल्याकडचा मे महिना. हीटसिंकच्या पात्यांत मातीचा थर बसायला वेळ लागत नाही. रेंडर चालू असताना जीपीयू-झेड या कार्डची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तापमान बघा. ८५ अंशांच्या वर टिकून राहत असेल तर आधी ते खाली आणा.

एवढं करूनही तसंच राहिलं, तर चांगला एसएमपीएस असलेल्या मित्राच्या पीसीत कार्ड लावून तोच रेंडर चालवा. तिथेही स्क्रीन गेली तर दुकानदाराचं बरोबर. मग कार्ड न खोलता, बिल आणि सीरियल नंबर घेऊन आधी वॉरंटी तपासा.