ढाली नक्की कोणाच्या?

प्रश्न : मुलगी इंग्रजी माध्यमात शिकली, आता इंग्रजीत एम.ए. करतेय. तिसरीपासून वक्तृत्वाच्या ढाली आणतेय. तिची सगळी भाषणं मी स्वतः लिहून पाठ करून घेतली आहेत. जपानमध्ये शाळकरी मुलांची इंग्रजी भाषण स्पर्धेसाठी तयारी करून घेण्याचं काम मिळतं, असं कळलं. आम्ही तेच करायचं ठरवलंय. आधी अमेरिकन उच्चारांचा चाळीस हजारांचा क्लास लावावा का?
– एक पालक, सांगली

उत्तर : क्लास लावू नका. पण मला खटकलं ते वेगळंच. अख्ख्या पत्रात ‘आम्ही’ आहे, मुलीला काय वाटतं याची एक ओळ नाही. एम.ए.ला पोचलेल्या मुलीचं पुढचं भाषणही बाबाच लिहिणार असं दिसतंय.

टोचून लिहितोय, कारण या कामाची गोम नेमकी इथेच आहे. जपानमध्ये माध्यमिक शाळांची देशपातळीवरची इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा १९४९पासून चालत आलीय. भाषण पाच मिनिटांचं आणि स्वतःचं. चौदा वर्षांचं पोर अर्धं पान घेऊन येतं : आजोबांशी भांडलो, वाईट वाटलं, संपलं. मग विचारायचं, आजोबा तेव्हा काय करत होते? पोर गप्प. आपणही गप्प बसायचं. पुढचं वाक्य आपल्या जिभेवर तयार असतं, ते गिळायचं. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ घोकून वाढलेल्याला ही शांतता फार जड जाते. तुमच्या मुलीला ती कोणी कधी दिलीच नाही.

आता उच्चार. अमेरिकन ढंग आला की काम झालं, हा गैरसमज आहे. जपानी लिपीत ‘न’ सोडला तर जवळपास प्रत्येक अक्षराला स्वर चिकटलेला, म्हणून ‘स्ट्राइक’चा ‘सुतोराइकु’ होतो. ‘राइट’ आणि ‘लाइट’ त्या कानांना सारखेच. तिथे जीभ कुठे टेकते, ओठ कधी मिटतात हे दाखवता यायला हवं. जोडाक्षरं फोडत लिहायला शिकलेल्या मराठी मुलीला हे चांगलं जमेल. फक्त ‘थिंक’मधला आपला दणदणीत ‘थ’ आधी तिनं सोडावा. आरशासमोर, फुकट.

बाकी, पदवी हवीच. परदेशी पदवीधरांना शाळांत शिकवायला बोलावणारी जपान सरकारची १९८७पासूनची ‘जेट’ योजना आहे; करार वर्षाचा, वाढवत फार तर पाच वर्षं. खासगी कंपनीकडून गेल्यास व्हिसासाठी इंग्रजीतून बारा वर्षं शिकल्याचं दाखवावं लागतं. आणि ही नोकरी निव्वळ भाषणांची नाही. वर्षभर जपानी शिक्षकाच्या जोडीनं वर्गात शिकवायचं. स्पर्धेची तयारी शाळा सुटल्यावर किंवा उन्हाळी सुट्टीत.

जायचं की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. मुलीला मला पत्र लिहू द्या. मराठीत, इंग्रजीत, कसंही. फक्त टपालात टाकण्याआधी तुम्ही ते तपासू नका.