तिथी बघून मालवण गाठा

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही दोघं आणि मुलं (वय १२ आणि ८) तीन दिवस मालवणला जाणार आहोत. सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा आणि देवबागचं त्सुनामी बेट हे सगळं बसवायचं आहे. आधी काय करावं? – एक वाचक, खानापूर

उत्तर : खोली ठरवण्याआधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा. किनारपट्टीवरचा जुना हिशोब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतोच, पण दिवस आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं आणि अष्टमीच्या आसपास भांग. भांगाला पाण्याचा चढउतारही कमी आणि ओढही कमी. मुलं बरोबर असतील तर सप्तमी ते नवमी हे दिवस धरा.

त्सुनामी बेट म्हणजे कर्ली नदीच्या मुखाजवळचा वाळूचा पट्टा. तो ओहोटीलाच नीट उघडा पडतो. भरतीच्या वेळी गेलात तर पैसे देऊन कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून परत याल. अष्टमीला ओहोटी बाराच्या सुमारास येते, तेव्हा अकराला होडीत बसा. भांगाला पट्टा थोडा कमी उघडतो, पण नदी आणि समुद्र मिळतात त्या जागी पाण्याला ओढ असते, त्यामुळे मुलांसाठी भांगच बरा.

आता क्रम. स्कूबा, म्हणजे हवेची टाकी घेऊन मारायची बुडी, पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उरका, निघायच्या दिवशी मुळीच नको. आपल्याकडच्या लोकांना हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाण्याखाली दाबाची हवा घेतल्यामुळं रक्तात आणि स्नायूंत जादा नायट्रोजन विरघळतो, आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच उंचावर गेलं तर बाहेरचा दाब कमी होतो आणि त्याचे बुडबुडे होऊ शकतात. बुडीनंतर लगेच विमानात बसू नये, हा नियम बऱ्याच जणांना ठाऊक असतो. पण सहाशे मीटरच्या वरचा घाटमाथाही त्याच नियमात येतो. आंबोली सातशे मीटरच्या जवळपास आहे, बेळगाव साडेसातशेच्या. मालवणची हौशी बुडी उथळ असते, त्यामुळं धोका कमी. तरीही एका बुडीनंतर घाट चढण्याआधी किमान १२ तास जाऊ द्यावेत.

बुडीच्या आधी दोन तास हलका नाश्ता करा, घावन-चहा पुरे. भरपेट थाळी खाऊन होडीत बसलेली माणसं हमखास ओकतात. सर्दी असेल तर बुडी रद्दच करा. कानातला दाब जुळवायला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं असतं, आणि नाक चोंदलं असेल तर ती वाट बंद होते. दुखायला लागण्याआधीच, दर मीटरभर खोलीला फुंका. दुखलंच तर खाली जाऊ नका, गाइडला खूण करा आणि थोडं वर या. मास्कच्या रबराखाली केसांची एक बट जरी अडकली तरी पाणी झिरपतं. दाट मिशीतूनही झिरपतं, तिथं थोडं व्हॅसलीन लावतात. वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही. दमा, हृदयविकार, कानाचा पडदा फाटलेला असणं किंवा गरोदरपण असेल तर बुडी नकोच. आठ वर्षांच्या मुलालाही नको. त्याला किनाऱ्याजवळ लाइफ जॅकेट घालून स्नॉर्कल द्या. पाणी सकाळीच नितळ असतं, दुपारी वारा सुटला की गढूळ होतं.

स्कूबा नसेल त्या सकाळी किल्ल्याला पहिल्या होड्यांनी जा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं. दरवाजा असा वळणात लपवलाय, की होडी अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. होडीवाले साधारण तासभर देतात. तेवढ्यात शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी होतात, पण तट फिरायचा राहतो. नंतरच्या होडीनं येऊ, असं चढतानाच सांगून ठेवा. टोप्या आणि पाणी घ्या, तटावर सावली नाही.

प्रश्न : उचगावहून एसटीनं जमेल की रेल्वे बरी? – एक वाचक

उत्तर : एसटीच. आपली बेळगावची रेल्वे लोंढा-मिरज मार्गावर, कुडाळ कोकण रेल्वेवर. मडगावला गाडी बदलून उलटा वळसा घ्यावा लागतो. शिनोळी-आंबोली-सावंतवाडी रस्ता सोपा, मालवणची थेट गाडी नसली तर सावंतवाडीत किंवा कुडाळला बदला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर वातावरण तापलं की गाड्या सीमेवरच थांबतात, म्हणून १ नोव्हेंबरच्या (कर्नाटक राज्योत्सव) आणि बेळगावातल्या कर्नाटक विधिमंडळ अधिवेशनाच्या आसपास जाणार असाल तर आदल्या दिवशी स्टँडवर विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही सहा मित्र, सगळ्यांना विहिरीत उत्तम पोहता येतं. समुद्रात लाइफ जॅकेटची गरज आहे का? – एक विद्यार्थी, शहापूर

उत्तर : आहे. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावचे आठ विद्यार्थी बुडाले. ते दुःख आपल्या शहरानं पाहिलंय, कृपा करून विसरू नका. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं चालतं. लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरानं परत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून तीच जागा शांत वाटते आणि पोरं तिथंच उतरतात. पाण्याचा रंग गडद किंवा मातकट असेल आणि फेस आत चाललेला दिसला, तर तिथं पाऊल टाकू नका. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, त्यातच दम तुटतो. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडा आणि मग तिरके या. दमलात तर उताणे तरंगा, हात वर करून हाक मारा. बुडणाऱ्याचा हात धरायला एकामागून एक उडी मारू नका, दोरी किंवा रिकामा कॅन फेका. स्थानिक कोळी नको म्हणाला की नको. पिऊन तर नाहीच.

प्रश्न : आई शाकाहारी आहे, तिची आबाळ होईल का? – एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : नाही. घावन, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी सहज मिळतं. मासे तळलेला तवा वेगळा आहे का, एवढं विचारून घ्या. आईंना पाण्यात पाय भिजवायचे असतील तर चिवला किनारा निवांत आहे.

प्रश्न : येताना बांगडे-सुरमई आणायची आहे. मागच्या खेपेला घरी पोचेपर्यंत मासा मऊ पडला होता. – एक गृहिणी, निपाणी

उत्तर : बहुधा मासा वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात पोहत आला असणार. निघायच्या सकाळी ताजा घ्या : डोळा फुगीर, कल्ला लाल, बोटानं दाबलं तर खळगा लगेच भरून यावा. पोट आणि कल्ले तिथंच काढून घ्या, धुवा, पाणी पुसा आणि जाड पिशवीत गच्च बांधा. थर्माकोलच्या पेटीत तळाला बर्फ, मग मासा, वर पुन्हा बर्फ. माशाच्या वजनाइतका तरी बर्फ हवा. पेटीच्या कोपऱ्यात भोक पाडून खाली ताट ठेवा, म्हणजे पाणी निथळेल. पेटी मागच्या सीटच्या पायाशी ठेवा, उन्हात तापणाऱ्या डिकीत नको. बांगडा आणि सुरमई उबेला राहिली की त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही, म्हणून खाल्ल्यावर तोंड लाल होतं आणि अंगावर गांधी उठतात. आंबोलीत धबधब्यापाशी तासभर थांबायचा विचार असेल तर बर्फ दीडपट घ्या, आणि आजरा-गडहिंग्लजमार्गे घरी पोचताच पेटी आधी उघडा.