नवरा अर्धांगवायूने अंथरुणावर आहे, सगळं मीच करते. मला कुठून आर्थिक मदत मिळेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमान ७३ वर्षांचे आहेत, दीड वर्षापासून अंथरुणावर आहेत, पेन्शन चौदा हजार, आणि त्यांचं करता यावं म्हणून तुम्ही डब्यांचं काम बंद केलंत. आमच्या ह्यांची उजवी बाजू गेली त्याला आता सहा वर्षं झाली, त्यामुळे त्या चौदा हजारांत महिना कसा ओढावा लागतो ते मला ठाऊक आहे.

सेवा करणाऱ्या बायकोला तिच्या कष्टाचे पैसे देणारी योजना मला आजवर सापडलेली नाही. याचा मला फार त्रास होतो, कारण ब्युरोची बाई ठेवली तर तेच काम दिवसाला सातशे रुपयांचं होतं. जे काही मिळतं ते आजारी माणसाच्या नावाने. म्हणून आधी त्यांचे कागद करा.

पहिलं म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र. म्हातारपणच्या आजारालाही ते मिळतं, हे मला दोन वर्षं कुणी सांगितलंच नाही. सरकारच्या स्वावलंबन या संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. ह्यांना रिक्षातून न्यावं लागलं, फार हाल झाले, पण कागद हातात आला. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व निघालं की नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत जाऊन दिव्यांग निधीची चौकशी करा. स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के त्यांना यासाठी ठेवावे लागतात. अर्ज केल्याशिवाय कुणी बोलावत नाही. मुलगा वडिलांचा खर्च करत असेल आणि जुन्या करप्रणालीत असेल, तर त्याला ७५ हजारांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची.

सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधार घेऊन लगेच काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावरच. घरचे डायपर, फिजिओथेरपी यांना त्यातून काही मिळत नाही. रोजच्या गोळ्यांसाठी जनऔषधी दुकान गाठा, डॉक्टरांकडून कंपनीचं नव्हे, तर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहून घ्या. पलंग आणि हवेची गादी मात्र विकत घेऊ नका. बऱ्याच शहरांत सेवाभावी संस्था अनामत ठेवून नाममात्र भाड्याने देतात. आम्ही पहिल्याच महिन्यात नवा पलंग घेतला, ते पैसे मला अजून आठवतात.

श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे पैसे तुम्हाला मिळणार नाहीत, तिथे वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार आहे. मुख्यमंत्री वयोश्री योजनेची मर्यादा मात्र २ लाख आहे, तिथे साहित्यासाठी एकदाच ३ हजार मिळतात.

आता बँक. हे आजच करा. ह्यांची सही जुळेना म्हणून आमची दोन महिन्यांची पेन्शन अडकली. खिडकीवरचा माणूस म्हणे, त्यांना घेऊन या. अंथरुणावरच्या माणसाला कुठून आणणार? नंतर कळलं की सही येत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा. सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवाही मागता येते. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरूनच होतो. यजमान शुद्धीत आहेत, बोललेलं कळतंय, तोवर खातं दोघांच्या नावे करून घ्या. भान गेलं की अंगठाही उपयोगाचा नाही, मग पालकत्वासाठी कोर्टात जावं लागतं.

मुलांबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, ‘त्यांना सांगायला संकोच वाटतो.’ मलाही वाटायचा. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याने मुलांकडून महिना १० हजारांपर्यंत निर्वाह मागता येतो, प्रांतसाहेबांकडे, वकिलाशिवाय. ते आमच्यावर आलं नाही. मी एक वही केली: डायपर, गोळ्या, रिक्षा, बाईचे पैसे, रोजच्या रोज. गणपतीत दोघं मुलगे घरी आले तेव्हा ती त्यांच्यापुढे ठेवली आणि गप्प बसले. थोरल्याने पानं उलटली, मग विचारलं, ‘आई, तू रात्री झोपतेस कधी?’ तेव्हापासून दिवसाच्या बाईचे पैसे तो पाठवतो.